डीएनएस संदेश बाइटमध्ये कसा लिहायचा आणि परत कसा वाचायचा

नेटवर्क लायब्ररी लिहिताना डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा, भाग बहुतेक जण हलका समजतात. बारा बाइटचा हेडर, एक प्रश्न, त्यामागे काही रेकॉर्ड, झाले. पॉल मोकापेट्रिस यांच्या आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) १०३४ आणि १०३५ नोव्हेंबर १९८७ मध्ये आल्या आणि संदेशाची तीच मांडणी आजही चालते आहे. एन्कोडर, म्हणजे संदेश बाइटमध्ये लिहिणारा कोड, खरोखरच थोडक्यात लिहून होतो. तो परत वाचणाऱ्या डीकोडरचे तसे नाही. त्याच्या हातात पडणारा प्रत्येक बाइट कुणीतरी अनोळखी पाठवलेला असतो आणि संदेशातल्या लांब्या, संख्या, पॉइंटर (संदेशातल्या दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारे बाइट) यांपैकी एकाही गोष्टीवर आंधळा विश्वास ठेवून चालत नाही.

सगळ्या डिझाइनचा पाया असलेली एक गोष्ट आधीच सांगतो. डीएनएसमधले नाव संदेशापासून तोडून वाचता येत नाही. नावाचा अर्धा भाग संदेशात मागे कुठेतरी पडलेला असू शकतो. म्हणून डीकोडरच्या प्रत्येक फंक्शनला पूर्ण संदेश आणि त्यातली सध्याची जागा, असे दोन्ही द्या. रेकॉर्डचा तुकडा कापून त्याची स्लाइस पुढे पाठवण्याचा मोह होतो, पण तसे केले की पॉइंटर सोडवायला आधारच उरत नाही आणि मग पुढे अर्धी लायब्ररी उलगडून पुन्हा बांधावी लागते.

या लेखात बाइटची मूल्ये दशमान पद्धतीने दिली आहेत. पॅकेट दाखवणाऱ्या साधनांत तीच हेक्समध्ये दिसतील. सर्व दोन आणि चार बाइटच्या संख्या मोठा बाइट आधी, या क्रमाने येतात.

पायरी १: हेडर

हेडरमध्ये सहा आकडे असतात, प्रत्येक दोन बाइटचा: आयडी, फ्लॅग, आणि मग प्रश्न, उत्तरे, अधिकृत सर्व्हरचे रेकॉर्ड व जादा रेकॉर्ड यांच्या चार संख्या. फ्लॅगच्या सोळा बिटांत डावीकडून पहिला बिट प्रश्न की उत्तर ते सांगतो, पुढचे चार ऑपकोडचे (विचारणा कोणत्या प्रकारची ते), मग अधिकृत उत्तर, कापलेले उत्तर, रिकर्शन (सर्व्हरने इतरांना विचारून पूर्ण उत्तर आणणे) हवे आणि रिकर्शन मिळेल असे चार बिट, त्यापुढे तीन बिट आणि शेवटचे चार निकालाच्या कोडचे. मधले तीन बिट मूळ आरएफसीत राखीव होते. त्यांपैकी दोन पुढे डीएनएससेकच्या (उत्तरांचा खरेपणा सह्यांनी तपासणारी जोड) कामाला लागले, त्यामुळे हे बिट शून्य नसतील तर संदेश नाकारायचा, अशी अट घालू नका.

साध्या क्वेरीत फक्त 'रिकर्शन हवे' हा बिट लावायचा असतो. आयडी ४६६० धरला, तर हेडर असा होईल:

१८ ५२ | १ ० | ० १ | ० ० | ० ० | ० ०

आयडी प्रत्येक क्वेरीला नवा आणि अंदाज न येणारा हवा. एकेकाने वाढणारा काउंटर चालत नाही. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी कॅशमध्ये खोटी उत्तरे घुसवण्याची जी पद्धत दाखवली, तिच्यासमोर सोळा बिटांचा आयडी एकटा तोकडा पडला. तेव्हापासून यूडीपीचा (डीएनएस संदेश सहसा ज्यावरून जातात तो प्रोटोकॉल) सोर्स पोर्टही क्वेरीगणिक बदलण्याची पद्धत रूढ झाली. पोर्ट निवडणे हे एन्कोडरचे काम नाही, पण लायब्ररीत कुठेतरी ते होतेय ना, याची खात्री करून घ्या. आयडी मात्र सुरक्षित रँडम स्रोतातूनच घ्या.

पायरी २: नाव लिहिणे

नाव म्हणजे लेबलांची माळ. प्रत्येक लेबलाआधी त्याच्या लांबीचा एक बाइट आणि शेवटी शून्य. लेबल जास्तीत जास्त ६३ बाइटचे. पूर्ण नाव, लांबीचे बाइट आणि शेवटचे शून्य धरून, जास्तीत जास्त २५५ बाइटचे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम हे नाव संदेशात असे उतरते:

३ ११९ ११९ ११९ ७ १०१ १२० ९७ १०९ ११२ १०८ १०१ ३ ९९ १११ १०९ ०

एकूण १७ बाइट. त्यामागे प्रकार ० १, म्हणजे आयपीव्ही४ पत्ता, आणि वर्ग ० १, म्हणजे इंटरनेट. प्रश्न २१ बाइटचा झाला आणि हेडर धरून क्वेरी ३३ बाइटची. आयपीव्ही६ पत्ता हवा असेल तर प्रकार २८. बाकी सगळे तेच.

लायब्ररीत नाव साठवायचे कसे, हे इथेच ठरवा. ठिपक्यांनी जोडलेली स्ट्रिंग सोयीची वाटते, पण लेबलाच्या आत ठिपकाही येऊ शकतो, कारण प्रोटोकॉलच्या दृष्टीने लेबल म्हणजे कोणतेही बाइट. स्ट्रिंग केली की 'लेबलातला ठिपका' आणि 'दोन लेबलांमधला ठिपका' यांतला फरक पुसला जातो आणि त्याचा फायदा उठवून एका नावाचे दुसरे नाव भासवता येते. म्हणून आत लेबलांची यादी ठेवा. बाहेर दाखवताना लेबलातल्या ठिपक्याआधी उलटी तिरकी रेघ द्या आणि न छापता येणारे बाइट उलट्या रेघेमागे तीन आकडी दशमान अंकांत लिहा. झोन फाइलमध्येही (सर्व्हरवर रेकॉर्ड ठेवणारी मजकूर फाइल) हीच रीत आहे.

देवनागरी किंवा इतर कुठल्या लिपीतले नाव आले, तर ते एन्कोडरपर्यंत पोहोचण्याआधीच प्युनिकोडमध्ये (अशी नावे साध्या इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची पद्धत) बदललेले असले पाहिजे. एन्कोडरने स्वतः यूटीएफ-८ चे बाइट लेबलात टाकून देऊ नयेत. तुलना करताना लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे एकच धरायची, मात्र फक्त आस्कीपुरती. भाषेनुसार वागणारे, स्ट्रिंग लहान अक्षरांत नेणारे तयार फंक्शन इथे वापरू नका. तुर्की सेटिंग असलेल्या यंत्रावर मोठ्या आय अक्षराचे वेगळेच काहीतरी होते आणि तपासणी फक्त तिथेच फसते. मूळ अक्षरे जशी आली तशी जपा.

पायरी ३: कॉम्प्रेशन, म्हणजे खरा कस

उत्तरात तीच नावे पुन्हापुन्हा येतात. जागा वाचवण्यासाठी लेबलाच्या लांबीच्या जागी दोन बाइटचा पॉइंटर टाकता येतो. पहिल्या बाइटचे वरचे दोन बिट १ असले, म्हणजे मूल्य १९२ किंवा जास्त असले, की तो पॉइंटर. उरलेले चौदा बिट सांगतात की संदेशाच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटला उडी मारायची. वरचे दोन बिट ०० असले तर साधे लेबल. ०१ आणि १० ही रूपे आज वापरात नाहीत. ती दिसली की त्रुटी द्या.

आपल्या क्वेरीत नाव १२व्या जागेपासून सुरू होते, 'एक्झाम्पल' १६ला, 'कॉम' २४ला. आता समजा उत्तरात आधी एक सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारे रेकॉर्ड) आला, जो सीडीएन.एक्झाम्पल.कॉम कडे बोट दाखवतो, आणि मग त्या नावाचा पत्ता आला. उत्तराचा भाग ३३व्या जागेपासून असा दिसेल:

३३: १९२ १२ | ० ५ | ० १ | ० ० १ ४४ | ० ६ | ३ ९९ १०० ११० १९२ १६
५१: १९२ ४५ | ० १ | ० १ | ० ० १ ४४ | ० ४ | १९२ ० २ १

ओळी निवांत वाचा, सगळे त्यातच आहे. पहिल्या रेकॉर्डचे नाव म्हणजे १२कडे उडी, अर्थात प्रश्नातले पूर्ण नाव. प्रकार ५ म्हणजे सीनेम, वर्ग १, टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवता येते ते) ३०० सेकंद, डेटाची लांबी ६. त्या सहा बाइटांत 'सीडीएन' हे लेबल आणि मग १६कडे उडी. उलगडल्यावर हे नाव १७ बाइटचे होते, पण लांबीच्या रकान्यात ६ आहे, कारण तिथे संदेशात प्रत्यक्ष व्यापलेली जागा मोजतात. दुसऱ्या रेकॉर्डचे नाव ४५कडे, म्हणजे पहिल्या रेकॉर्डच्या डेटाच्या पोटात उडी मारते. तिथून पुन्हा १६कडे. दोन उड्या, आणि दोन्ही अगदी नियमात. शेवटचे चार बाइट म्हणजे १९२.०.२.१ हा पत्ता. यातला १९२ पॉइंटर नाही. तोच बाइट कुठे आहे यावर त्याचा अर्थ ठरतो, म्हणून पॉइंटर शोधत संदेश सरसकट चाळणारा कोड कधीच बरोबर ठरत नाही.

वाचणाऱ्या फंक्शनचा सांगाडा असा:

नाव_वाचा(संदेश, सुरुवात, हद्द)
  जागा = सुरुवात, तुकडा = सुरुवात, एकूण = १, उड्या = ०, परत = अजून ठरले नाही
  पुन्हापुन्हा:
    जागा >= हद्द असेल तर त्रुटी
    ब = संदेश[जागा]
    ब शून्य असेल तर:
      परत ठरले नसेल तर परत = जागा + १
      लेबले आणि परत देऊन थांबा
    ब ६३ किंवा कमी असेल तर:
      जागा + १ + ब > हद्द असेल तर त्रुटी
      एकूण = एकूण + १ + ब; २५५च्या वर गेले तर त्रुटी
      लेबल जोडा; जागा = जागा + १ + ब
    ब १९२ किंवा जास्त असेल तर:
      जागा + २ > हद्द असेल तर त्रुटी
      लक्ष्य = (ब − १९२) × २५६ + संदेश[जागा + १]
      लक्ष्य < १२ किंवा लक्ष्य >= तुकडा असेल तर त्रुटी
      परत ठरले नसेल तर परत = जागा + २
      उड्या = उड्या + १; मर्यादेबाहेर गेल्या तर त्रुटी
      जागा = लक्ष्य, तुकडा = लक्ष्य, हद्द = संदेशाची लांबी
    नाहीतर त्रुटी

'परत' म्हणजे नाव संपल्यावर मुख्य वाचन जिथून पुढे चालू ठेवायचे ती जागा. ती पहिल्या पॉइंटरच्या लगेच पुढची असते, उडी मारून जिथे पोहोचलो तिथली नव्हे. हे चुकले की पहिले रेकॉर्ड बरोबर वाचले जाते आणि दुसऱ्यापासून सगळा कचरा येतो. लक्षण इतके ठरलेले आहे की ते दिसताच थेट या ओळीकडे जावे.

लक्ष्याची तुलना पॉइंटरच्या जागेशी न करता 'तुकडा' या खुणेशी का? समजा १२व्या जागी १ ९७ १९२ १२ असे बाइट आहेत. म्हणजे 'ए' हे एक लेबल आणि मग १२कडे उडी. पॉइंटर १४ला आहे आणि लक्ष्य १२, म्हणजे मागेच. फक्त 'मागे असावे' एवढीच अट ठेवली तर ही उडी मान्य होते आणि 'ए.ए.ए.ए' असे चक्र सुरू होते. २५५ची मर्यादा त्याला थांबवेल, पण ती तपासणी कुणी विसरला तर मेमरी संपेपर्यंत लूप फिरत राहील. सध्याचा लेबलांचा तुकडा जिथे सुरू झाला त्याच्या आधीचेच लक्ष्य मान्य केले, की प्रत्येक उडी काटेकोरपणे मागे जाते आणि चक्र होऊच शकत नाही.

मग उड्यांची वेगळी मर्यादा कशाला? कारण लेबल न देता पॉइंटरवरून पॉइंटरवर जाणारी हजारोंची साखळी रचता येते. ती संपते खरी, पण प्रत्येक रेकॉर्डने तीच साखळी चालायला लावली तर एक संदेश सर्व्हरचा बराच वेळ खाऊन जातो. २५५ बाइटच्या नावात १२७पेक्षा जास्त लेबले मावत नाहीत, म्हणजे त्याहून जास्त उड्यांची गरज कुणालाच नसते. गो भाषेचे डीएनएसमेसेज पॅकेज तर १० उड्यांवरच थांबते, आणि मला तीच कडक मर्यादा पसंत आहे.

ही काळजी अवाजवी नाही. २०२० मधली सिगरेड ही विंडोज डीएनएस सर्व्हरमधली त्रुटी नेमकी इथली होती: कॉम्प्रेस केलेले नाव उलगडल्यावर होणारा आकार सोळा बिटांत मोजला गेला, बेरीज ओलांडून लहान झाली आणि लहान बफरमध्ये मोठा डेटा लिहिला गेला. पुढच्याच वर्षी नेम-रेक या नावाने चार टीसीपी/आयपी स्टॅकमधल्या नऊ त्रुटी जाहीर झाल्या, त्यांतही संदेशाच्या कॉम्प्रेशनचा मोठा वाटा होता. आरएफसी ९२६७ खास अशाच चुकांचा संग्रह आहे. डीकोडर लिहिणाऱ्याने ती वाचावीच.

एन्कोडरच्या बाजूने कॉम्प्रेशन सोपे आहे. लिहिलेल्या प्रत्येक नावाच्या प्रत्येक शेपटीची जागा एका डिक्शनरीत ठेवा: पूर्ण नाव १२, 'एक्झाम्पल.कॉम' १६, 'कॉम' २४. नवे नाव लिहिताना सर्वांत लांब जुळणारी शेपटी शोधा, उरलेली लेबले लिहा आणि पॉइंटर टाका. फक्त तीन पथ्ये. जागा १६३८३च्या पुढची असेल तर ती डिक्शनरीत घालू नका, चौदा बिटांत ती मावत नाही. डिक्शनरी एका संदेशापुरतीच. पुढच्या संदेशाला नवी. आणि रेकॉर्डच्या डेटातले नाव फक्त आरएफसी १०३५ मधल्या जुन्या प्रकारांतच कॉम्प्रेस करा, म्हणजे सीनेम, एनएस, एमएक्स, पीटीआर, एसओए वगैरे. एसआरव्हीसारख्या नंतरच्या प्रकारात ते पूर्ण लिहायचे, कारण तो प्रकार न ओळखणारा सर्व्हर डेटा जसाच्या तसा दुसऱ्या संदेशात नेतो आणि तिथे जुना पॉइंटर भलतीकडेच बोट दाखवतो.

पायरी ४: रेकॉर्ड

रेकॉर्ड म्हणजे नाव, प्रकार, वर्ग, चार बाइटचा टीटीएल, दोन बाइटची डेटाची लांबी आणि डेटा. लिहिताना लांबी आधी माहीत नसते, म्हणून दोन बाइट रिकामे सोडा, डेटा लिहा, मग मागे जाऊन लांबी भरा.

वाचताना डेटाचा शेवट आधी काढा आणि तो संदेशाबाहेर जात नाही ना ते पाहा. मग प्रकारानुसार वाचा आणि वाचन संपल्यावर आपण नेमके त्याच शेवटावर आहोत का, ते तपासा. एक बाइटही कमी किंवा जास्त असेल तर रेकॉर्ड बिघडलेले आहे. प्रकार १च्या डेटाची लांबी ४ आणि प्रकार २८ची १६ नसेल तर लगेच नाकारा. टीएक्सटी रेकॉर्डमध्ये लांबीचा बाइट आणि मजकूर अशा अनेक जोड्या असतात. इथे हद्द डेटाच्या शेवटाची धरा, संदेशाच्या शेवटाची नव्हे, नाहीतर खोटी लांबी देऊन पुढच्या रेकॉर्डचे बाइट मजकुरात ओढता येतात. त्या जोड्या एकमेकींना जोडून एकच स्ट्रिंग करू नका, यादी म्हणूनच द्या. वरच्या नाव_वाचा मधली 'हद्द'ही याचसाठी आहे: डेटातले नाव पहिल्या उडीपर्यंत डेटाच्या आतच राहिले पाहिजे.

अनोळखी प्रकार आला तर संदेश फेकू नका. प्रकाराचा आकडा आणि कच्चे बाइट तसेच पुढे द्या. आरएफसी ३५९७ तेच सांगते. टीटीएलचा सर्वांत वरचा बिट लागलेला असेल तर मूल्य शून्य धरा.

हेडरमधल्या संख्यांवरून आधीच मेमरी राखून ठेवू नका. बारा बाइटचा संदेशही ६५५३५ उत्तरे असल्याचे सांगू शकतो. लहानात लहान रेकॉर्ड ११ बाइटचे असते, त्यामुळे उरलेले बाइट भागिले ११ यापेक्षा जास्त रेकॉर्ड असूच शकत नाहीत. एवढा एक भागाकार पुरतो.

पायरी ५: ५१२ बाइटच्या पलीकडे

मूळ नियमानुसार यूडीपीवरचा संदेश ५१२ बाइटपर्यंतच. जास्त चालेल हे सांगण्यासाठी जादा विभागात ओपीटी नावाचे एक बनावट रेकॉर्ड जोडतात. ते दिसते रेकॉर्डसारखेच, पण रकान्यांचे अर्थ वेगळे: वर्गाच्या जागी आपण घेऊ शकू तो आकार आणि टीटीएलच्या जागी वाढीव निकाल कोड, आवृत्ती व फ्लॅग.

० | ० ४१ | ४ २०८ | ० ० ० ० | ० ०

हे अकरा बाइट, आकार १२३२. डीएनएस फ्लॅग डे २०२० मध्ये सुचवलेला हाच आकडा आहे, कारण एवढा संदेश सहसा वाटेत तुकडे न होता पोहोचतो. जादा रेकॉर्डची संख्या १ करायला विसरू नका. निकाल कोड आता बारा बिटांचा होतो: वरचे आठ ओपीटीमधून, खालचे चार हेडरमधून. दोन्ही जोडून एकच आकडा वापरणाऱ्याला द्या.

उत्तरात 'कापलेले' हा बिट असेल तर तीच क्वेरी टीसीपीवर पाठवा. हा बिट हेडर वाचताच पाहा, बाकीचे रेकॉर्ड वाचता आले की नाही याची वाट न बघता. टीसीपीवर प्रत्येक संदेशाआधी दोन बाइटची लांबी येते. आपल्या ३३ बाइटच्या क्वेरीआधी ० ३३. एका वाचनात अर्धाच संदेश मिळू शकतो किंवा दीडही, म्हणून लांबीइतके बाइट जमेपर्यंत बफर करा. आणि पॉइंटरची मोजणी या दोन बाइटांनंतर सुरू होते. डीकोडरला ते दोन बाइट धरून बफर दिला की प्रत्येक पॉइंटर दोन घरे चुकतो.

पायरी ६: हे उत्तर आपलेच आहे का

वाचता आले म्हणजे स्वीकारले असे नाही. आयडी जुळतो का, उत्तराचा बिट लागला आहे का, प्रश्नाचे नाव, प्रकार आणि वर्ग आपण विचारले तेच आहेत का, आणि पॅकेट त्याच पत्त्या-पोर्टवरून आले का, हे सगळे तपासा. जुळले नाही तर ते पॅकेट मुकाट टाकून द्या आणि वाट पाहत राहा. त्रुटी देऊन क्वेरी संपवली, तर कुणीही एक खोटे पॅकेट पाठवून तुमची प्रत्येक विचारणा पाडू शकतो.

निकाल कोड ३ म्हणजे नावच अस्तित्वात नाही. कोड ० पण उत्तरे शून्य, याचा अर्थ वेगळा: नाव आहे, या प्रकारचे रेकॉर्ड नाही. वापरणाऱ्याला हे दोन वेगळे कळू द्या.

पायरी ७: चाचण्या

पहिली चाचणी वर लिहिलेला संदेश. त्याचे हेडर उत्तराचे करा, फ्लॅग १२९ १२८ आणि उत्तरांची संख्या ० २. पूर्ण संदेश ६७ बाइटचा होतो. तो वाचून दोन रेकॉर्ड आणि शेवटी ६७ ही जागा मिळाली पाहिजे. मग तोच संदेश ० ते ६६ बाइटपर्यंत प्रत्येक लांबीला कापून डीकोडरला द्या. प्रत्येक वेळी स्वच्छ त्रुटी आली पाहिजे. क्रॅश नको, आणि अर्धवट यशही नको. एका छोट्या लूपची ही चाचणी हद्दीच्या बहुतेक चुका पकडते.

एन्कोड करून परत डीकोड केले की तेच ऑब्जेक्ट मिळायला हवे. उलटी अपेक्षा मात्र ठेवू नका: बाहेरून आलेला संदेश डीकोड करून पुन्हा एन्कोड केला की बाइट जुळतीलच असे नाही, कारण कुठे पॉइंटर टाकायचा हे प्रत्येक एन्कोडर स्वतः ठरवतो. अशी तुलना करणारी चाचणी उगाच पडत राहते. तुलना ऑब्जेक्टची करा.

यानंतर फझरला (बिघडवलेले इनपुट देऊन चुका शोधणारे साधन) वरचा ६७ बाइटचा संदेश बीज म्हणून द्या आणि सोबत हे तीन मुद्दाम बिघडवलेले: ३३व्या जागी १९२ ३३, म्हणजे स्वतःकडेच बोट दाखवणारा पॉइंटर; ४३-४४ला डेटाची लांबी ६च्या ऐवजी ७; आणि हेडरमध्ये उत्तरांची संख्या २५५ २५५. तिन्ही वेळा डीकोडरने त्रुटी दिली आणि तीही वेगवेगळ्या कारणाची दिली, तरच तो लायब्ररीत जाऊ द्या.